जुना रेडिओ उघडण्यापूर्वी: विजेची परतीची वाट

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ खाली येतो, त्याच्यावरची धूळ झटकली जाते आणि घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "लावून तर बघू, लागतो का." जुनी उपकरणे दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या माझ्यासारख्या माणसाला या वाक्याची धास्ती वाटते. संच जळेल ही त्यातली लहान भीती झाली. मोठी भीती अशी की, हे संच ज्या काळात बनले त्या काळातील घरांची वायरिंग, प्लग आणि सुरक्षिततेच्या कल्पना आजच्यापेक्षा फार वेगळ्या होत्या. आज आपण ज्यांच्या भरवशावर आत हात घालतो, तो सिरीजचा बल्ब, तो स्टॅबिलायझर, तो खिशातला टेस्टर आणि मीटरबोर्डावरचा तो आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच), यांतील प्रत्येक साधन कशापासून तरी वाचवते खरे. पण बहुतेक वेळा ज्यापासून वाचवते असे आपल्याला वाटत असते, त्यापासून ते वाचवत नाही.

शॉक लागण्यासाठी विजेला आत यायला एक जागा लागते आणि बाहेर पडायला दुसरी. उपकरण उघडताना मी स्वतःला विचारतो तो प्रश्न हाच: या ठिकाणी माझे बोट लागले, तर प्रवाह माझ्यातून कोठून बाहेर पडेल? पायातून जमिनीत, दुसऱ्या हातातून चासीत (संचाच्या लोखंडी सांगाड्यात), की कोठूनच नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकारच्या संचात वेगळे येते, म्हणून "मेन बंद करा आणि काळजी घ्या" एवढ्या सर्वसाधारण सूचनेने काम भागत नाही.

आधी थोडे आकडे सांगतो. आपल्या घरचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. शरीरातून साधारण एक मिलिॲम्पिअर प्रवाह गेला की मुंग्या आल्यासारखे जाणवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार माणसाला स्वतःहून सोडता येईल अशी प्रवाहाची मर्यादा मोजली. ती पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी साडेदहा मिलिॲम्पिअर निघाली. त्यापुढे बोटांचे स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. आणखी वर गेल्यास श्वासाचे स्नायू जखडतात, आणि प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरत राहते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरला पडतो तो याच हिशेबाने. एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या वाटेचा रोध २३० व्होल्टला साधारण एक ते दोन हजार ओहम धरला, तर प्रवाह शंभर ते दोनशे मिलिॲम्पिअरच्या घरात जातो. म्हणजे आपल्या भिंतीतला साधा सॉकेट या सर्व मर्यादा एका दमात ओलांडू शकतो.

"अहो, आम्ही आयुष्यभर शॉक खाल्ले, काही झाले नाही," असे सांगणारे जुने मेकॅनिक सर्वांनाच भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. कोरडी त्वचा, पायात चप्पल, बसायला लाकडी स्टूल आणि फक्त बोटाचे टोक लागून झटक्यात मागे आलेला हात, एवढ्या गोष्टी जुळून आल्या की शॉक हा नुसता किस्सा होतो. तोच माणूस श्रावणात ओल आलेल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभा असेल, एक हात चासीवर टेकलेला असेल आणि दुसरा आत गेला असेल, तर संच तोच असूनही परिणाम तोच राहणार नाही. शिवाय ज्यांना काही झाले, त्यांचे किस्से दुकानात ऐकायला मिळत नाहीत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओकडे वळतो. एके काळी आपल्या देशातील सर्व शहरांत एसी वीज नव्हती. कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत डीसी पुरवठा होता, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. त्यामुळे दोन्ही पुरवठ्यांवर चालणारे संच बनत असत आणि ते स्वस्तही पडत. ओळखायची खूण सोपी आहे. व्हॉल्व्हच्या काचेवरील क्रमांक 'यू' या अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी मंडळी असतील, तर त्यांचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारा) दिव्यांच्या माळेप्रमाणे एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि त्या माळेतून १०० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. वर सांगितलेल्या चार व्हॉल्व्हच्या हीटरना मिळून सुमारे १२६ व्होल्ट लागतात. उरलेले शंभरेक व्होल्ट एका जाड, तापणाऱ्या रेझिस्टन्सवर पडतात. याउलट क्रमांक 'ई' ने सुरू होत असतील तर संचात बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो.

या 'यू' जातीच्या संचात लोखंडी चासी थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे चासीला फेज मिळणार की न्यूट्रल, हे प्लग कसा लावला गेला त्यावर ठरते. निम्म्या वेळा फेज मिळणार हे उघड आहे, आणि एवढे बहुतेकांना ठाऊक असते. यापुढची गोष्ट मात्र अनुभवी मंडळींनाही चकवते. आवाजाच्या बटणावरील स्विच अनेक संचांत चासीकडे जाणाऱ्या तारेत असतो. समजा, प्लग "योग्य" बाजूने लावला आहे, चासीला न्यूट्रल आहे आणि संच सुखाने गात आहे. आता बटण फिरवून रेडिओ बंद केला. चासी न्यूट्रलपासून तुटली, पण हीटरच्या माळेतून ती फेजला जोडलेलीच राहिली. ती माळ गरम असताना तिचा एकूण रोध सुमारे २३०० ओहम भरतो आणि थंड झाल्यावर तर कितीतरी कमी होतो. हजार ओहमचा माणूस त्यात अडकला तर माळ गरम असतानाही ७० मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह जाईल. थोडक्यात, असा संच चालू असताना निरुपद्रवी असतो आणि बंद केल्यावर जिवंत होतो. प्लग उलटा केला तर बंद असताना निरुपद्रवी राहतो आणि चालू केल्यावर जिवंत होतो. दोन्ही स्थितींत सुरक्षित अशी प्लगची बाजूच त्याला नसते.

म्हणून असा संच हाती आला की मी टेस्टरने चार वेळा तपासतो: प्लग सुलट व उलट, आणि प्रत्येक वेळी स्विच चालू व बंद. नंतर मल्टीमीटर एसी रेंजवर ठेवून चासी आणि सॉकेटमधली अर्थिंगची पिन यांच्यामधले व्होल्टेज मोजतो, कारण लाकडी पाटावर उभे राहिल्यास टेस्टर मिणमिणतो किंवा पेटतच नाही, आणि कधी तो नुसत्या शेजारच्या तारेच्या प्रभावानेही लुकलुकतो.

संच बनवणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. म्हणूनच बटणे बॅकेलाइटची असत, बटण दांडीवर आवळणारा बारीक स्क्रू खोल भोकात बसवून त्यावर मेण भरलेले असे, चासी पेटीला ज्या स्क्रूंनी आवळली जाई त्यांची डोकी झाकलेली असत, आणि मागचा पुठ्ठा हा संरक्षणाचाच भाग होता. साठ वर्षांनंतर आपल्या हाती येणाऱ्या संचाचे एक बटण हरवलेले असते आणि लोखंडी दांडी उघडी असते, मेण केव्हाच गळून गेलेले असते, मागच्या पुठ्ठ्याला उंदरांनी कोपऱ्यातून वाट पाडलेली असते, आणि पूर्वीच्या कोणा मेकॅनिकने तळाशी लांब पितळी स्क्रू पिळून ठेवलेले असतात. बाहेरून देखण्या दिसणाऱ्या संचाचे एवढेसे हरवलेले बटण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. घरातले लहान मूल मात्र नेमके ती दांडी फिरवायला जाते.

एरियलचीही एक गंमत आहे. पूर्वी आपल्या घरांत रेडिओच्या वर भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. एसी-डीसी संचात ही पट्टी आणि जिवंत चासी यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) उभा असतो, आणि त्याच्या भरवशावर ती जाळी हात लावण्याजोगी असते. तो कंडेन्सर मेणकागदाचा असेल आणि इतक्या वर्षांत गळू लागला असेल, तर खोलीभर पसरलेली तांब्याची पट्टी मेनला जोडली गेली असे समजावे. त्या जागी मी नेहमी 'वाय' वर्गाचा सुरक्षा-कंडेन्सर बसवतो. खराब झाला तरी तो शॉर्ट होऊ नये अशा बेताने त्याची बांधणी केलेली असते.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचात चासी मेनपासून वेगळी असते, म्हणून तेथे काही जण निश्चिंत होतात. परंतु जुन्या रेडिओत आणि ॲम्प्लिफायरमध्ये मेनच्या एका तारेपासून चासीला खरखर घालवण्यासाठी एक कंडेन्सर लावलेला असे. तो ०.०५ मायक्रोफॅरडचा असेल, तर धडधाकट स्थितीतही ५० हर्ट्झला त्यातून साडेतीन मिलिॲम्पिअर झिरपतात, आणि शॉर्ट झाला तर चासी फेजला लागते. माइक हातात धरून गाणाऱ्याला ओठांवर चटका बसतो, तेव्हा अनेकदा मुळाशी हाच कंडेन्सर असतो. याशिवाय आत व्हॉल्व्हना लागणारी दोनशे-अडीचशे व्होल्टची डीसी एचटी (हाय टेन्शन) असतेच. संच गरम असताना बंद केला तर व्हॉल्व्ह स्वतःच एचटीचे कंडेन्सर रिकामे करतात. पण आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवला असेल किंवा त्याचा हीटर गेलेला असेल, तर रिकामे करणारे तेथे कोणीच उरत नाही.

वायरींबद्दल फार लिहीत नाही. रबरी आवरणाची जुनी वायर वाकवली की खारी बिस्किटासारखा तिचा चुरा पडतो, आणि बाहेर कापडी विणीचा वेष्टनभाग शाबूत असल्याने आतले तांबे उघडे पडल्याचे दिसत नाही. अशी वायर बदलावी. तिच्यावर टेप गुंडाळून काम भागवू नये. परदेशातून आलेल्या संचाबाबत एक इशारा: जुन्या जर्मन जोडणीत लाल वायर अर्थिंगची असे, आणि आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल म्हणजे फेज. रंगावर विसंबून प्लग जोडणाऱ्याने संपूर्ण चासी फेजला बांधली, असे सहज घडू शकते.

आता त्या भरवशाच्या साधनांकडे येतो. आपल्याकडे प्रत्येक दुरुस्ती-दुकानात सिरीजचा बोर्ड असतो, म्हणजे संचाकडे जाणाऱ्या एका तारेत मध्येच बल्ब जोडलेला बोर्ड. पुण्यातील तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत तो पाहायला मिळतो, आणि त्याची उपयुक्तता वादातीत आहे. संचात शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो, फ्यूज उडत नाही आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. मात्र "सिरीजला लावलाय, आता शॉक लागणार नाही" हे वाक्य मी अनेक नवशिक्यांच्या आणि काही मुरलेल्यांच्याही तोंडून ऐकले आहे. ६० वॅटच्या बल्बची थंड तार जेमतेम साठ-सत्तर ओहमची असते. पूर्ण पेटल्यावरच ती नऊशेच्या जवळ जाते. त्या बल्बच्या सिरीजमध्ये हजार ओहमचा माणूस आला, तर सुरुवातीला रोध जेमतेम सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि दोनशेहून अधिक मिलिॲम्पिअर वाहतात. तार तापल्यावरही प्रवाह शंभराच्या वरच राहतो. त्यात बल्ब फार तर मंद पेटतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या ते सहज ध्यानातही येणार नाही. सिरीजचा बल्ब संच वाचवण्यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी नाही.

दुसरा गैरसमज स्टॅबिलायझरचा आणि डिमरस्टॅटचा (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या साधनाचा). जुना संच हळूहळू व्होल्टेज वाढवत सुरू करण्यासाठी डिमरस्टॅट उत्तम, पण त्यात आणि घरगुती स्टॅबिलायझरमध्ये सहसा एकच गुंडाळी असते. आतली न्यूट्रल आणि बाहेरची न्यूट्रल एकच राहते, त्यामुळे मेनपासून संच वेगळा होत नाही. डिमरस्टॅट ५० व्होल्टवर ठेवलेला आहे आणि प्लग उलटा बसलेला आहे, अशा वेळी चासी पूर्ण २३० व्होल्टवर असू शकते, आणि मीटरचा काटा मात्र ५० दाखवत राहतो. वेगळे करणारे साधन म्हणजे दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पलीकडच्या वीजेला जमिनीकडे परतण्याची वाटच नसते, त्यामुळे एका जागी बोट लागले तर काही होत नाही. तेही फक्त एका जागी. दोन हातांनी दोन जागी स्पर्श केला तर तो ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कोणत्याही पुरवठ्याइतक्याच तत्परतेने शॉक देतो, आणि त्याच्या अलीकडचा आरसीसीबी काहीही ओळखत नाही.

आरसीसीबी तर मी प्रत्येकाला बसवायला सांगतो. वर उल्लेख केलेल्या डॅलझील यांनीच १९६१ मध्ये त्याच्या अमेरिकन भावंडाचा शोध लावला. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांतली तफावत हे साधन मोजते. तफावत पडते ती प्रवाह आपल्या पायातून किंवा दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला तरच. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला असेल, कंडेन्सरमध्ये साठलेली वीज असेल किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची एचटी असेल, तर त्याच्या दृष्टीने सर्व काही आलबेल असते. ज्या तीन परिस्थितींत आपण उघड्या संचावर काम करतो, नेमक्या त्याच तीन त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

टीव्हीच्या बाबतीत भीतीचे वाटपच चुकलेले आहे असे माझे मत आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्या साऱ्या काळात पिक्चर ट्यूबची दहशत प्रत्येक पोराच्या मनात बसली. ती अगदीच निराधार नाही. कृष्णधवल संचात ईएचटी (ट्यूबला लागणारे अतिउच्च व्होल्टेज) पंधरा हजार व्होल्टच्या पुढे आणि २१ इंची रंगीत संचात २५ हजारांच्या आसपास असते, आणि ट्यूबची काच स्वतःच कंडेन्सरचे काम करीत असल्याने संच बंद केल्यावरही ती भरलेली राहते. पण त्या कंडेन्सरची क्षमता दोन नॅनोफॅरडच्या आसपास असते, म्हणजे साठलेली ऊर्जा एका ज्यूलहूनही कमी भरते. त्याचा झटका सणसणीत असतो, आणि खरा घात होतो तो दचकून मागे घेतलेला हात ट्यूबच्या नाजूक मानेवर आदळल्याने किंवा आतल्या धारदार पत्र्यावर कापल्याने. याउलट त्याच संचाच्या एसएमपीएसमध्ये (मेनवरून संचाला वीज पुरवणाऱ्या भागात), ज्याला कोणी घाबरत नाही असा अंगठ्याएवढा २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टला भरलेला असतो आणि त्यात साडेअकरा ज्यूल असतात. २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्ट, आणि एसीचे डीसी करणाऱ्या डायोडच्या पलीकडे हा कंडेन्सर त्या शिखरापर्यंत भरतो.

यातली सर्वांत फसवी बाब अशी की, धडधाकट संचातला हा कंडेन्सर आपोआप रिकामा होतो आणि बिघडलेल्या संचातला होत नाही. चालू संचाचा प्लग ओढला तर एसएमपीएस आणखी काही क्षण चालतो आणि साठा संपवून टाकतो. एसएमपीएस सुरू करून देणारा मोठ्या किमतीचा रेझिस्टन्स तुटलेला असेल, आणि "डेड सेट" म्हणून येणाऱ्या टीव्हींत हा नेहमीचा आजार आहे, तर कंडेन्सर भरतो पण त्यातून घेणारे कोणीच नसते. प्लग काढून संच टेबलावर ठेवला, चहा पिऊन आलो, तरी तो तीनशे व्होल्टच्या वर बसलेला असतो. मिनिटे जाऊ द्या, प्रसंगी तासही पुरत नाही. दुरुस्तीसाठी उघडला जातो तो बिघडलेलाच संच, चालू संच कोण उघडतो? येथे टेस्टरही मदतीला येत नाही, कारण प्लग काढलेल्या संचातल्या वीजेला आपल्या शरीरातून जमिनीकडे जाण्याची वाट नसते आणि टेस्टरचा निऑन पेटत नाही. कंडेन्सरच्या दोन पायांना दोन बोटे लागली की वाट तयार होते.

म्हणून प्लग काढल्यावर माझे पहिले काम मल्टीमीटर डीसी १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून त्या कंडेन्सरच्या दोन पायांवर मोजणे हे असते. रिकामा करण्यासाठी होल्डरमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याला दोन इन्सुलेटेड प्रोब जोडून ठेवले आहेत. प्रोब टेकवले की बल्ब क्षणभर लखकन पेटून विझतो. साठा होता आणि तो गेला, हे डोळ्यांना दिसते. त्यानंतर पुन्हा मोजायचे. पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत दुकानातून सर्रास चालते. त्यात सर्किटच्या पाटीवरचा तांब्याचा ट्रॅक उडतो, पेचकसाचे टोक वितळते आणि डोळ्यांत तप्त कण जाऊ शकतात. पिक्चर ट्यूबसाठी बल्बचा उपयोग नाही. तेथे ट्यूबच्या पाठीवरील काळ्या लेपाला टेकलेल्या अर्थच्या वेणीला आधी क्लिप लावायची, दुसरे टोक लांब इन्सुलेटेड मुठीच्या चपट्या पेचकसाला, आणि तो रबरी टोपीखाली हलकेच सरकवायचा. काही मिनिटांनी हीच क्रिया पुन्हा करायची, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो. साधा मल्टीमीटर ईएचटीला कधीही लावू नये.

काम करताना डावा हात खिशात ठेवण्याची जुनी सवय मला अजूनही सर्वांत मोलाची वाटते, कारण ती हातातून हातात जाणारी, छातीतून जाणारी वाटच बंद करते. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. भिंतीवरच्या बटणाने "बंद" केलेल्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असल्याचे नेहमी आढळते. प्लग ओढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. आणि घरात दुसरे माणूस असावे, ज्याला मेन स्विच कोठे आहे हे ठाऊक आहे.

मायक्रोवेव्ह मी उघडत नाही, आणि हौशी मंडळींनी उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या आसपास देतो, कंडेन्सर व डायोडमुळे मॅग्नेट्रॉनपाशी (लहरी निर्माण करणाऱ्या नळीपाशी) ते चार हजारांच्या घरात जाते, आणि टीव्हीच्या ईएचटीसारखा हा क्षीण साठा नसून काहीशे मिलिॲम्पिअर सतत पुरवू शकणारा स्रोत आहे. त्या गुंडाळीचे एक टोक पत्र्याच्या पेटीलाच जोडलेले असते, म्हणजे परतीची वाट आपल्या कोपराखालीच असते. आणि मेनपासून ती वेगळी असल्याने आरसीसीबी गप्प राहतो. कंडेन्सरच्या आत तो रिकामा करणारा रेझिस्टन्स असतो, पण तो तुटला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

शॉक लागून कोणी चिकटलेच, तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी वस्तूने ढकलावे. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. छातीवर दाब देण्याची ही रीत १९६० मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांत विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते. विजेच्या तारांवर काम करणाऱ्यांचे मृत्यू टाळण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चाललेल्या संशोधनात, कुत्र्याच्या छातीवर इलेक्ट्रोड दाबताच रक्तदाब वाढतो हे त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले आणि तेथून ही पद्धत निघाली. मोठा शॉक लागलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला ईसीजीसाठी दवाखान्यात नेलेच पाहिजे.

शेवटी दुरुस्त झालेला संच परत देतानाची गोष्ट. ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचाला तीन पिनांची नवी वायर लावून तिची अर्थ चासीला घट्ट जोडावी, हे योग्यच आहे. 'यू' जातीच्या संचाला असे करणे घातक आहे. चासीच मेनला असल्याने चासीकडे फेज गेली तर ती थेट अर्थशी शॉर्ट होईल, आणि आरसीसीबी तर फेज गेली काय किंवा न्यूट्रल गेली काय, पडेलच. अशा संचाला मी तीन पिनांचा प्लग लावतो, पण त्याची अर्थ रिकामी ठेवतो. तिसरी पिन फक्त प्लग उलटा बसू नये म्हणून असते. न्यूट्रल चासीकडे, फेज फ्यूजमधून हीटरच्या माळेकडे, आणि स्विच चासीच्या तारेतून काढून फेजच्या तारेत. त्याआधी घरातील सॉकेट बरोबर जोडलेला आहे का, म्हणजे समोरून पाहता आणि मोठे भोक वर असता फेज उजवीकडे आहे का, हे टेस्टरने पाहावे लागते, कारण तेथे चूक असेल तर वरची सगळी मेहनत उलटी पडते. बटणांच्या भोकांत पुन्हा मेण भरतो, तळाचे स्क्रू नायलॉनचे घालतो. आणि मागचा पुठ्ठा हरवला असेल तर हार्डबोर्ड कापून, त्याला वायुवीजनाची भोके पाडून, नवा बसवल्याखेरीज संच मालकाच्या हाती देत नाही. एवढ्यासाठी आणखी आठवडा का लागतो, अशी तक्रार होते. ती मी ऐकून घेतो.